निरसं दूध

गिरजा भाकरी थापत होती, पण उजवा अंगठा परातीला लागू नये म्हणून वर धरून थापत होती. कस्तुराबाईनं दारातूनच ते पाहिलं.

"अंगठ्याला काय झालं गं?"

"काय न्हाई आत्ती. तव्याला लागलं असंल."

"बघू."

सुनेचा हात धरून तिनं दाराच्या उजेडात आणला. अंगठ्याच्या बेचक्यात एक फोड होता, शेजारच्या बोटावर दोन. टपोरे, मोतिया रंगाचे, आणि प्रत्येकाच्या मधोमध बेंबीसारखा खळगा. कस्तुराबाईनं एकावर बोट ठेवून दाबलं. भाजल्याचा फोड वरचेवर असतो, दाबला की फुटतो. हा कातडीच्या आत रुतून बसला होता, वाटाण्यासारखा टणक.

तिनं हात सोडून दिला. चुलीवरची भाकर करपायला लागली, त्याचा वास सगळ्या घरात पसरला, तरी ती तिथंच उभी.

"आत्ती? काय झालं?"

कस्तुराबाई पुढं झाली. तिनं सुनेच्या पोलक्याची बाही खांद्यापर्यंत वर सारली. तिच्या लेकाच्या, परसूच्या दंडावर रुपयाएवढे दोन वण होते, लहानपणी देवी काढल्याचे, लस टोचल्याचे. त्याच्या वयाच्या सगळ्यांच्याच दंडावर असायचे. गिरजाचा दंड गुळगुळीत होता. तिनं दुसरी बाही सारली. तोही तसाच.

"तुला देवी काढल्या न्हाईत?"

"न्हाई. मी झाले तवा ते बंद झालं हुतं म्हणं. माझ्या थोरल्या बहिणीला काढल्यात." गिरजा हसली. "आता कुठल्या आल्यात देवी, आत्ती?"

कस्तुराबाईच्या चेहऱ्याकडं बघून तिचं हसू विझलं. त्या चेहऱ्यावर बोट टेकवायला मोकळी जागा नव्हती. कपाळ, गाल, नाकाचा शेंडा, सगळीकडं देवीचे वण. गिरजा लग्न होऊन आली तेव्हा चार दिवस तिला सासूच्या तोंडाकडं सरळ बघवत नव्हतं. मग सवय झाली. आज पहिल्यांदा तिनं ते वण पुन्हा नीट पाहिले आणि मग आपला अंगठा पाहिला.

ते वण आले तेव्हा कस्तुराबाई वीस-एकवीस वर्षांची होती. चिक्कोडीकडच्या एका खेड्यात तिला देवी आल्या आणि मागोमाग तिच्या तान्ह्या पोराला, सिदूला आल्या. गावानं त्यांना शिवारातल्या खोपटात नेऊन ठेवलं. दीर भाकरी आणून दूर दगडावर ठेवायचा आणि हाक मारून निघून जायचा. पोराच्या अंगावर सुई टोचायला जागा उरली नव्हती. ओठ सुजून तोंड मिटेना, त्याला पिता येईना. तो गेला तेव्हा मातीला कुणी आलं नाही. नवऱ्यानं एकट्यानं खड्डा खणला. ती उठून बसू शकत नव्हती, खोपटाच्या फटीतून बघत होती. नंतर ते दोघं गाव सोडून बेंगळुराला आले, गवळ्याचा धंदा मांडला, परसू झाला. सरकारनं भिंतींवर रंगवून सांगितलं की देवी आता जगातून गेल्या. कस्तुराबाईनं ते वाचून घेतलं होतं दुसऱ्याकडून, दोनदा. विश्वास ठेवायला तिला बरीच वर्षं लागली.

आणि आता हा अंगठा.

पाळण्यात सगुणा झोपली होती. गिरजाची चार महिन्यांची पोर. कस्तुराबाईनं तिला झोपेतच उचललं आणि पोटाशी धरलं.

"तू आतल्या खोलीत जा," ती सुनेला म्हणाली. "पेंडीची पोती हायत त्या. तुझं जेवणपाणी मी दाराशी ठेवीन. पोरीला हात लावायचा न्हाई."

"आत्ती, ती अंगावर पिती! आणि मला काय झालंय म्हणून?"

"नाव घ्यायला लावू नको मला."

गिरजा रडली, हातापाया पडली. कस्तुराबाईनं ऐकलं नाही. खोलीच्या दाराला बाहेरून कडी घातली आणि चौकटीत कडुलिंबाचे डहाळे खोचले. मग ओसरीवर येऊन बसली.

बेंगळुरात जे. पी. नगरच्या पलीकडं डांबरी रस्ता संपून दगड रोवलेले प्लॉट सुरू व्हायचे, तिथं त्यांचं घर आणि गोठा. आठ-दहा म्हशी. नव्या बंगल्यांतली माणसं, त्यात पुण्या-मुंबईहून आलेले कॉम्प्युटरवालेही, सगळी परसूचं दूध घ्यायची. परसू दुधाची फेरी आटोपून आला तेव्हा आईनं त्याला एवढंच सांगितलं, "गिरजाला कांजिण्या झाल्यात. लेकराला लागू नयेत म्हणून येगळी ठेवलीया. तूबी जाऊ नको. आणि कुठं बोलू नको, जरासुद्धा."

"डॉक्टरला दाखवूया की."

"कांजिण्याला कशाला डॉक्टर?"

खरं सांगितलं तर काय होईल हे तिला ठाऊक होतं. माणसं येतील, आणि ह्या घराला दगडावरची भाकर दाखवतील.

एका गोष्टीचा मात्र तिला आधार होता. ज्याला देवी येऊन गेल्या त्याला त्या पुन्हा शिवत नाहीत. तिचं अंग भरून पावलं होतं. घरात सगुणाला निर्धास्त हात लावू शकेल असं एकच माणूस होतं, ती स्वतः. म्हणून तिनं सगळं अंगावर घेतलं. गिरजा ज्या म्हशी पिळायची त्या ती पिळू लागली. पोरीला न्हाऊमाखू घालणं, झोपवणं, दूध पाजणं, सगळं तिच्याकडं.

दूध कुठलं पाजायचं हा प्रश्न तिला पडलाच नाही. महिन्याभरापूर्वी परसूनं मारतहळ्ळीच्या यल्लाप्पाकडून एक म्हैस आणली होती, पहिलारू, पहिल्याच वेताची. यल्लाप्पा त्यांच्याच धंद्यातला, ओळखीचा माणूस. म्हैस अंगानं लहान, पण दूध पातळ आणि गोड, लेकराला पचेल असं. तापवलेल्या दुधातला जीव जातो, लेकराला निरसंच द्यावं, कासेच्या उबेचं, असं कस्तुराबाईच्या सासूनं तिला शिकवलं होतं आणि परसू त्याच दुधावर वाढला होता. ती पहाटे आणि संध्याकाळी वाटी घेऊन बसायची. नवी म्हैस लाथा झाडायची. सडांना चिरा पडल्यासारख्या होत्या, वर काळ्या खपल्या. कस्तुराबाई त्यांना हळद-लोणी लावायची, मग धार काढायची आणि तशीच उठून वाटीतलं दूध बोंडल्यात ओतून सगुणाच्या तोंडाला लावायची. पोर आधी तोंड फिरवायची, रडायची, मग भुकेनं चुटूचुटू प्यायची.

आतून गिरजाचा आवाज यायचा. "आत्ती, पिली का ती?"

"पिली."

"माझं भरून यायलंय. दुखतंय. वाटीत काढून देऊ का? हात लावत न्हाई मी तिला."

"न्हाई. ओत ते मोरीत."

गिरजाला दोन दिवस ताप चढला, काखेत गाठ आली. कस्तुराबाई दाराच्या फटीतून तिचं तोंड बघायची. पहिल्यांदा कपाळावर उठतात, तिला पक्कं आठवत होतं. आधी तोंड, मग हात, मग सगळं अंग. गिरजाचं तोंड स्वच्छ होतं. तिसऱ्या दिवशी स्वच्छ, चौथ्या दिवशीही. हातावरचे फोड तेवढे पिकले आणि काळे पडायला लागले. ताप उतरला. कस्तुराबाईला कळेना. तिला वाटलं, देवीनं दया केली. तिनं दारात दहीभाताचा नैवेद्य ठेवला.

आठवडा उलटल्यावर एका सकाळी बोंडलं लावताना सगुणा किंचाळली. असं ती कधी रडली नव्हती. कस्तुराबाईनं तिला उजेडाला धरलं.

खालच्या ओठाच्या आतल्या अंगाला एक फोड. एक तोंडाच्या कोपऱ्याशी. एक हनुवटीवर, मोत्यासारखा, मधोमध खळगा.

बोंडलं हातातून निसटलं. दूध जमिनीवर पसरलं आणि मांजर येऊन ते चाटायला लागलं. कस्तुराबाई बघत राहिली.  पोर मांडीवर रडत होती आणि तिला मात्र सिदूचं रडणं ऐकू येत होतं. मी हिला येगळी ठेवली, ती मनाशी म्हणत होती, मी हिला त्या हाताचा वारासुद्धा लागू दिला न्हाई. मग आलं कुठनं?

नेमकी तेव्हाच गोठ्याकडून परसूची हाक आली. "आये, डॉक्टरबाई आल्यात!"

नव्या म्हशीचं दूध तुटलं, एकदम कमी झालं म्हणून त्यानं आदल्या दिवशी जनावरांच्या सरकारी दवाखान्यात सांगून ठेवलं होतं. डॉक्टर प्रमोदिनी मूळच्या धारवाडच्या, घरी मराठी बोलणाऱ्या, म्हणून परसू त्यांनाच बोलवायचा. तिशीतली बाई, पायांत गमबूट, हातात पत्र्याची पेटी. कस्तुराबाई पोरीला पाळण्यात टाकून, पदरानं डोळे पुसून गोठ्यात आली, तेव्हा त्या म्हशीच्या कासेशी उकिडव्या बसल्या होत्या. आधी त्यांनी सडांना हात लावला, मग झटकन मागं घेतला, पेटीतून रबरी मोजे काढून चढवले आणि पुन्हा पाहिलं. मग उठून शेजारी बांधलेल्या तिच्या पारडाचं तोंड उघडलं. त्याच्या ओठांवरही तशाच खपल्या.

"ही म्हैस कोण पिळतं?"

"मी," कस्तुराबाई म्हणाली.

"हात दाखवा, मावशी."

हात स्वच्छ होते. डॉक्टरबाईंनी ते उलटेसुलटे करून पाहिले. मग त्यांची नजर कस्तुराबाईच्या चेहऱ्यावर गेली आणि तिथंच थांबली.

"तुम्हाला देवी येऊन गेल्यात ना?"

"व्हय."

"आणि परसू, तुझा दंड बघू. हं. तुम्ही दोघंच पिळता? आणखी कुणी?"

परसूनं आईकडं पाहिलं. "बायको पिळायची. तिला कांजिण्या झाल्यात म्हणून..."

"कुठं? हातांवर?" डॉक्टरबाईंचा आवाज चढला. "मला दाखवा. आत्ताच्या आत्ता."

"तिला काय न्हाई झालं," कस्तुराबाई म्हणाली, आणि त्याच क्षणी घरातून सगुणाचं रडणं आलं, तसंच, चिरकं.  कस्तुराबाई धावत आत गेली आणि पोरीला घेऊन बाहेर आली. "बाई, हिला वाचवा. मी काय बी लपवत न्हाई. माझ्या घरात देवी आल्यात."

प्रमोदिनीबाईंनी पोरीच्या ओठाकडं पाहिलं. त्यांनी देवी फक्त पुस्तकातल्या चित्रांत पाहिल्या होत्या.  हात पुढं करायच्या ऐवजी त्या नकळत एक पाऊल मागं सरल्या, आणि ते पाऊल कस्तुराबाईनं पाहिलं.

"आये!" परसू ओरडला. "तू मला कांजिण्या म्हणून सांगितलंस!" तो घराकडं धावला. कडी काढल्याचा आवाज आला, मग त्याचा आणि गिरजाचा एकदम रडण्याचा.

दुपारपर्यंत जीप आली. तीतून उतरले डॉक्टर सुधींद्र, माणसांचे डॉक्टर, पन्नाशी ओलांडलेले. तरुणपणी देवीच्या मोहिमेत त्यांनी उत्तरेकडचे जिल्हे पायी पालथे घातले होते, म्हणून प्रमोदिनीबाईंनी मुद्दाम त्यांनाच फोन केला होता. ते कानडीत बोलत. त्यांनी सगुणाला मांडीवर घेतलं, भिंग लावून हनुवटीवरचा फोड पाहिला, तळपाय पाहिले, पाठ पाहिली. मग गिरजाचे हात पाहिले. मग दुधाच्या पालथ्या कॅनवर बसले. त्यांची बोटं भिंगाची दांडी उगाचच फिरवत होती.

"साहेब, तीच का?" कस्तुराबाईनं विचारलं.

"अम्मा, ती गेली. आम्ही घालवली. शेवटचा रोगी मी माझ्या डोळ्यांनी बरा होताना बघितलाय." ते थांबले. "आणि हा फोड मी ओळखतो. मला काय बोलावं ते समजत नाही."

"सर, पण फक्त हातांवर आहेत," प्रमोदिनीबाई म्हणाल्या. "अंगभर नाहीत. आणि म्हशीच्या सडांवर तेच आहेत. म्हशींना देवीसारखाच एक रोग होतो, तो माणसाला लागतो. मी वाचलंय."

"मीही वाचलंय. पण वाचलेल्यावर विसंबून मी हे फाटक उघडं ठेवू का? आणि तुमचं चुकलं तर?"

प्रमोदिनीबाईंनी पेटी उघडली.

दोघांनी मिळून म्हशीच्या सडावरच्या खपल्या काढून बाटलीत घातल्या, पारडाच्या ओठाची एक, गिरजाच्या हातावरची एक. सगुणाच्या हनुवटीवरचा फोड टोचून त्यातलं पाणी घेतलं, तेव्हा गिरजानं तोंड फिरवलं. सगळ्यांचं रक्त घेतलं, इतर म्हशींचंही. कस्तुराबाई बाटल्यांकडं बघत होती. म्हशीची बाटली आणि नातीची बाटली एकाच बर्फाच्या डब्यात शेजारी शेजारी ठेवलेली.

"ह्यातनं कळतं?" तिनं विचारलं.

"मोठ्या यंत्राखाली बघितलं तर कळेल की देवीच्याच जातीचा जंतू आहे," प्रमोदिनीबाई म्हणाल्या. "पण ह्या जातीतले सगळे दिसायला सारखेच. देवीचा कुठला नि म्हशीचा कुठला, ते कोंबडीच्या अंड्यात वाढवून बघायचं. आतल्या पडद्यावर कसे फोड उठतात त्यावरून ठरतं. थोडे दिवस लागतील."

"आणि तवर?"

"तोवर इथून कुणी हलायचं नाही."

फाटकाशी माणूस बसवला. दुधाची फेरी बंद झाली. परसू रोज दोन वेळा दूध काढायचा आणि मागच्या खड्ड्यात ओतायचा. गिऱ्हाइकं लांब रस्त्यावर स्कूटर थांबवून बघायची आणि निघून जायची. ज्यांनी ज्यांनी त्यांचं दूध घेतलं होतं त्या घरांत डॉक्टर सुधींद्र स्वतः जाऊन आले. कुणाला काही झालं नव्हतं. सगळ्यांनी दूध उकळून घेतलं होतं.

गिरजाला खोलीबाहेर आणलं होतं. हाताला फडकी गुंडाळून ती सगुणाला जवळ घेऊन बसायची. डॉक्टरांनी पाजायला सांगितलं. तिनं पोरीला छातीशी लावलं, पण इतक्या दिवसांत दूध आटत आलं होतं, आणि ओठ सुजलेली पोर तोंड लावायची आणि किंचाळायची. शेवटी उकळून गार केलेलं दूध चमच्यानं थेंब थेंब घशात सोडायचं, एवढंच उरलं. पोरीच्या अंगात ताप होता. डोळ्याच्या कडेला एक नवा फोड उठला. कस्तुराबाई तिच्या पायथ्याशी बसून असायची. कुणी बोलवलं तर दचकायची. फोड उठल्यावर सिदूला जेवढे दिवस मिळाले होते तेवढे झाले आणि पोर जिवंत होती, हे तिच्या लक्षात आलं. पण ते मोठ्यानं म्हणायला तिची जीभ रेटेना.

मग एके दिवशी प्रमोदिनीबाई फाटकापासूनच ओरडत आल्या. "देवी नाही! परसू, देवी नाही!" मागून सुधींद्र येत होते, आणि ते चक्क हसत होते.

परसू मटकन खाली बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. फाटकावरचा माणूस उठून आत आला, इतके दिवस पाण्याचा पेलासुद्धा न घेतलेला, आणि त्यानं परसूच्या खांद्यावर हात ठेवला.

"म्हशीचाच रोग," प्रमोदिनीबाई सांगत होत्या. "सडावरची खपली, सुनेचा हात, बाळाचा ओठ, तिन्हींत एकच जंतू. तो माणसाच्या हातावर येतो, खपली धरतो, जातो. पूर्वी देवी काढलेल्या असायच्या, त्यामुळं ह्याची लागण सहसा कळायचीच नाही. आता ज्यांना काढलेल्या नाहीत त्यांना तो धरतो. मावशी, तुम्हाला म्हणूनच काही झालं नाही. बाळाचा ताप उतरलाय ना? ती बरी होणार."

कस्तुराबाईला आधी फक्त 'बरी होणार' एवढंच ऐकू आलं. तिनं हात जोडले. मग बाकीचं हळूहळू आत उतरायला लागलं.

"म्हंजे गिरजाला म्हशीनं दिलं."

"हो. पिळताना. आधीच हाताला कुठं खरचटलं असेल."

"आणि पोरीला?"

प्रमोदिनीबाई गिरजाकडं बघून म्हणाल्या, "आईच्या हातानं लागलं असणार."

"न्हाई," गिरजा म्हणाली. "मी तिला हातच लावला न्हाई. फोड दिसला त्याच दिवशी आत्तीनं येगळी केली मला. तवा तिच्या तोंडाला काय बी नव्हतं."

"मग बाळ प्यायलं काय?"

 कस्तुराबाई म्हणाली, "ह्याच म्हशीचं दूध."

"तापवून?"

"निरसं. कासेखालनं काढलं की तसंच." ती आपल्या हातांकडं बघत होती. "सडांना लोणी लावायचं, खपल्या निघायच्या हाताला. तसंच उठायचं आणि पाजायचं. दोन येळा. रोज."

 सुधींद्रांना मराठी पुरतं समजत नव्हतं, पण त्यांनी तिघींचे चेहरे पाहिले आणि टोपी काढून हातात घेतली.

"मावशी, तसं कुणी सांगू शकत नाही," प्रमोदिनीबाई घाईनं म्हणाल्या. "आईजवळ राहिली असती तरी तिच्या हातानंही लागलं असतं कदाचित."

"कदाचित," कस्तुराबाई म्हणाली. "पण माझ्या हातनं लागलं ते खरं."

घरात सुरक्षित हात आपले तेवढे, असं धरून ती चालली होती. ज्या वणांच्या भरवशावर तिनं पोरीला आईपासून ओढून घेतलं, त्याच वणांमुळं तिला ना फोड आला ना ताप. आला असता तर ती पहिल्याच दिवशी थांबली असती. तिच्या कानांत घूं असा आवाज सुरू झाला. परसूनं धरायच्या आत ती ओसरीच्या कडेवरून खाली घसरली.

त्यानंतर चार-पाच दिवस गिरजा तिच्याशी बोलली नाही. भांडली असती तर बरं, असं कस्तुराबाईला वाटायचं. गिरजा ताट वाढून ठेवायची, पाणी द्यायची, आणि नजर पोरीवर. एकदाच, भांडी घासता घासता, वर न बघता ती म्हणाली, "मी आत ओरडत हुते, आत्ती. वाटीभर घ्या म्हणत हुते. तुमी मोरीत ओतायला लावलं."

"व्हय."

"का न्हाई ऐकलं?"

कस्तुराबाईनं सिदूची गोष्ट आजवर सुनेला कधी सांगितली नव्हती. आता सांगितली. खोपट, दगडावरची भाकर, सुजलेले ओठ, फटीतून दिसलेला खड्डा. माफी मागण्यासाठी नाही. विचारलं म्हणून सांगितलं. गिरजा हातातलं पातेलं तसंच धरून ऐकत राहिली. शेवटी तिनं पातेलं खळबळून पालथं घातलं आणि आत निघून गेली.

प्रमोदिनीबाई मारतहळ्ळीला जाऊन आल्या. यल्लाप्पाच्या गोठ्यात आणखी आजारी म्हशी निघाल्या, आणि त्याच्या दोन गड्यांच्या हातांवर फोड. त्यांना वाटत होतं उन्हाळ्याचे. नवी म्हैस वेगळी बांधली, तिचे सड औषधानं धुतले, खपल्या गळून खालून गुलाबी कातडी आली. फाटकावरचा माणूस गेला. गिऱ्हाइकं सगळी परत आली नाहीत, पण काही आली, आणि परसू प्रत्येकाला दारात सांगायला लागला, उकळून घ्या, दोन उकळ्या येऊ द्या.

सगुणाचे फोड वाळले. ओठाखाली एक बारीक खड्डा राहिला. गिरजा तिला दिवसातून दहादा छातीला लावायची. मेथी खायची, डिंकाचे लाडू खायची, आणि पुन्हा लावायची. पोर चोखायची, रागवायची, डोकं मागं टाकायची.

एका दुपारी कस्तुराबाई ओसरीवर कडबा निवडत होती. आतलं रडणं अचानक थांबलं. इतकं एकदम थांबलं की ती उठून दाराशी गेली. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं धाडस झालं नाही. अंधारात डोळे स्थिरावल्यावर तिला दिसलं. गिरजा भिंतीला टेकून बसली होती आणि पोर पीत होती. घोट गिळल्याचा आवाज येत होता, मोठा, हावरा.

कस्तुराबाई तशीच चौकट धरून उभी राहिली. प्यायचं झालं. पोरीच्या तोंडाच्या कोपऱ्यातून दुधाचा ओघळ खाली आला.

"आत्ती," गिरजा म्हणाली. "दारात काय उभ्या? आत या. धरा हिला, माझी पाठ गेली."

"माझं हात..." कस्तुराबाई म्हणाली. "कडब्याचं हायत."

"मग धुऊन या की."

ती मोरीवर गेली. साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले, पुन्हा लावला, पुन्हा धुतले. आतून गिरजाची हाक आली, "आत्ती, झालं का न्हाई अजून?" तेव्हा तिनं पाणी बंद केलं, हात पदराला न पुसता तसेच ओले वर धरले आणि आत गेली.